रक्त थांबल्यावर

"हिला चड्डी कुणी घातली?" कुसुमावतीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली बसून तिनं कुत्रीच्या कमरेची गुलाबी, झालर लावलेली चड्डी ओढून काढली.

"ऑनलाइन मिळते, कुसुमक्का," सहना म्हणाली. "घरभर डाग पडत होते. अम्माचं सोवळं असतं ना, म्हणून..."

"आणि चाटायचं कुठून तिनं? कुत्री स्वतःला साफ ठेवते. माणसासारखी घाण नसते ती. घरात फिरेल तेवढा तासभर घाला, मग काढा. आणि चड्डीच्या भरवशावर हिला बाहेर सोडू नका. चड्डीनं रक्त अडतं, कुत्रा अडत नाही."

सहनानं मान हलवली. चिन्नी, वर्षाची, फिकट पिवळ्या रंगाची लॅब्रेडॉर, कुसुमावतीच्या पातळाचा वास घेत शेपूट हलवत होती. कुसुमावतीनं तिची शेपूट उचलली, सुजलेला भाग दोन बोटांनी दाबून पाहिला आणि हात पातळाला पुसले. दारात उभ्या असलेल्या सहनाच्या आईनं, वेदवतीअम्मांनी, मान वळवली.

"कितवा दिवस?"

"चौथा असेल. किंवा पाचवा."

"असेल?" कुसुमावती हसली. ते हसणं कुणाला आवडण्यासारखं नव्हतं. "कॉम्प्युटरवर नोकरी करता, आणि घरातल्या कुत्रीला कधी सुरू झालं ते माहीत नाही. शाभास."

जयलक्ष्मीपुरमसारख्या सुखवस्तू वस्तीतल्या असल्या घरांचा कुसुमावतीला मनापासून तिटकारा होता. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात तिनं छत्तीस वर्षं अटेंडरचं काम केलं होतं. नवरा तिरुमलराव त्याच दवाखान्यात होता. तो तापानं गेला तेव्हा त्याच्या जागी तिला घेतलं. वय चोवीस, पदरात दोन वर्षांचा पुनीत. सासर रंगाऱ्यांचं. घरातल्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत निळे-लाल, पण वास मात्र कुसुमावतीच्या हातांचा यायचा. जावेनं तिचं ताट वेगळं मांडायला सुरुवात केली, त्या आठवड्यात तिनं नजरबादला दोन खोल्या घेतल्या आणि पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. पुढे पुनीत शिकला, बेंगळुरूला नोकरीला लागला. त्याच्या सासरच्यांना त्यानं सांगितलं, आई हॉस्पिटलात होती. कसलं हॉस्पिटल, हे सांगितलं नाही. लग्नात विहीणबाईंनी तिला रक्तदाबाची गोळी कुठली घ्यावी ते विचारलं. कुसुमावती म्हणाली, "म्हशीला देतात ती देऊ का?" पुनीत त्यानंतर तीन महिने बोलला नाही.

निवृत्त झाल्यावरही जुने डॉक्टर लोकांना सांगत, कुत्र्याचं काही अडलं तर कुसुमावतीला विचारा. लोक विचारायचे. ती जायची, काम चोख करायची आणि त्यांना मूर्ख समजायची. बहुतेक वेळा ते असायचेच.

ती सहनाला म्हणाली, "नीट ऐका. पहिले नऊ-दहा दिवस रक्त जाईल. गल्लीतले सगळे कुत्रे गेटवर येऊन बसतील, पण ही त्यांना जवळ येऊ देणार नाही, दात दाखवेल. मग रक्त फिकं होईल, पाण्यासारखं, वाळल्या गवताच्या रंगाचं. लोक म्हणतात, आयतु, झालं, संपलं. तेव्हाच खरं सुरू होतं. मग हीच शेपूट बाजूला करून उभी राहते. भिंत चढून जाईल, दार ओरबाडेल. म्हणून रक्त बघायचं नाही, दिवस मोजायचे. एकवीस. वर चार माझ्या नावाचे. तोवर साखळीशिवाय बाहेर नाही. कळलं?"

"कळलं. आणि ऑपरेशन?"

"आत्ता नाही. आत्ता सगळं रक्तानं भरलेलं असतं आत. दोन-तीन महिने जाऊ देत."

एवढ्यात आतून अनंतकृष्ण आले. सहनाचे वडील. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यातले, बहात्तर वर्षांचे, कपाळावर अंगाऱ्याची उभी रेघ. आठ महिन्यांपूर्वी मुलगी नवऱ्याला सोडून दोन सूटकेसी आणि हे पिल्लू घेऊन परत आली, तेव्हापासून शेजारपाजाऱ्यांना ते सांगत होते की तिला घरून काम करायची मुभा मिळाली आहे.

"हे सगळं मागच्या खोलीत करा. इथे अंगणात नको," ते म्हणाले. मग कुसुमावतीकडे न बघता, "कुठलं मराठी बोलते ही? 'आयतु' म्हणे. निम्मं बाजारातलं, निम्मं कन्नड."

"तुमचं शुद्ध असेल, सर," कुसुमावती म्हणाली. "कुत्रीला दोन्ही कळतं."

सहनाला हसू आलं, ते तिनं दाबलं. प्राध्यापकांनी ते पाहिलं.

"किती दिवस चालणार हा प्रकार? तेवढं सांग."

कुसुमावती उठली. गुडघे झटकले. "सहनाम्माला सांगितलंय सगळं. तुमच्या पोथीतला विषय नव्हे तो, सर. सुम्मने, उगाच डोक्याला ताप कशाला?"

आणि सांगितलं नाही.

पुढे ती रोज सकाळ-संध्याकाळ येत राहिली. चिन्नीला मागच्या खोलीतून काढायची, साखळी हाताला दोन वेढे देऊन धरायची, परसातल्या नारळाखाली फिरवायची आणि परत आत. गेटबाहेर सात-आठ कुत्रे बसलेले असत. त्यात एक तपकिरी, एका कानाचा, म्होरक्यासारखा. प्राध्यापक रोज त्यांच्यावर दगड भिरकावत, ते चार पावलं मागे सरकत, आणि पुन्हा येऊन बसत. कुसुमावतीला मजा वाटायची. आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलेला माणूस एका कानाच्या कुत्र्यापुढे हरत होता.

चिन्नीच्या अकराव्या दिवशी सहना बेंगळुरूला गेली. कोर्टात तारीख होती. दोघांच्या संमतीचा घटस्फोट, शेवटची सही. जाताना तिनं कुसुमावतीला बाजूला घेतलं.

"दोनच दिवस, कुसुमक्का. अप्पांना तिचं काही करायला सांगू नका. ते तिला हातही लावत नाहीत."

"तुम्ही जा. सही नीट करून या," कुसुमावती म्हणाली. तिला ही मुलगी हळूहळू बरी वाटायला लागली होती, पण तसं दाखवायची तिला सवय नव्हती.

बाराव्या दिवशी चिन्नीचं रक्त थांबलं.

तेराव्या दिवशी सकाळी आठला कुसुमावती बसमधून उतरून गल्लीत वळली, तर कोपऱ्यावर माणसं जमलेली. मध्ये कुणी तरी ओरडत होतं, कुत्रं केकाटत होतं. केकाटणं चिन्नीचं होतं. एवढ्या लांबूनही तिला ते कळलं. चप्पल हातात घेऊन ती धावली. साठी ओलांडलेली बाई धावते तशी, वेडीवाकडी.

रस्त्याच्या मधोमध चिन्नी आणि तो एका कानाचा कुत्रा पाठीला पाठ लावून अडकून उभे होते. समोरच्या घरातल्या माणसानं बादली रिकामी केली होती, दोघंही भिजून थरथरत होते. आणि प्राध्यापक अनंतकृष्ण, उघड्या अंगावर उपरणं, हातात काठी, त्या कुत्र्याच्या पाठीवर मारत होते. काठी बसली की कुत्रा पुढे ओढ घ्यायचा, आणि त्याच्या ओढीबरोबर चिन्नी किंचाळायची.

"काठी टाका!"

ते थांबले नाहीत. कुसुमावतीनं काठी धरली आणि हिसकावली. सोसलेच्या वैष्णव मठातून दीक्षा घेतलेला, पन्नास वर्षांत परक्या बाईचा धक्का न लागलेला तो माणूस दोन पावलं मागे कोलमडला.

"आत फुगलेलं असतं, अडकलेलं," ती धापा टाकत म्हणाली. "ओढलं तर फाटेल. दोघांचंही. पाणी ओतलं, काठी मारली, देव आला तरी सुटायचं तेव्हाच सुटणार. लांब व्हा. सगळे लांब व्हा."

ती तिथेच, ओल्या डांबरावर फतकल मारून बसली. एका हातानं चिन्नीचा पट्टा धरला, दुसरा हात त्या अनोळखी कुत्र्याच्या कमरेवर ठेवला, म्हणजे तो ओढणार नाही. तो गुरगुरला, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. चिन्नीनं तिच्या मांडीवर हनुवटी टेकली.

बाजूला दोन तरुण मोबाइल धरून उभे होते. हसत होते.

"नीट काढा," कुसुमावती त्यांना कन्नडमध्ये म्हणाली. "कुत्र्यांची तोंडंही येऊ देत. तुमच्यापेक्षा शहाणी दिसतायत."

एकानं मोबाइल खिशात टाकला. दुसरा काढत राहिला.

वीस मिनिटं गेली. शाळेची व्हॅन आली, वळसा घालून गेली. एका बाईनं नाकाला पदर लावला. प्राध्यापक केव्हाच घरात निघून गेले होते. मग दोघं आपोआप सुटले, तपकिरी कुत्रा खाली बसून स्वतःला चाटायला लागला आणि कुसुमावती एका हातानं गुडघा दाबत उठली.

घरी आल्यावर तिनं चिन्नीला पुसलं, मागच्या खोलीत घातलं. बाहेर प्राध्यापक उभे होते. आता उपरणं नीट पांघरलेलं.

"रक्त थांबलं होतं," ते म्हणाले. "काल सकाळपासून थांबलं होतं. रविवारी स्वामींच्या पुण्यतिथीची आराधना आहे, माणसं येणार. खोली धुवून घ्यावी म्हणून मी दार उघडलं. ती पळाली. गेट... दूधवाला येऊन गेला होता."

कुसुमावतीनं खोलीची कडी लावली.

"नेहमी राहतंच असं नाही ना?"

"बहुतेक राहतं."

"राहिलं तर राहू दे. पिल्लं झाली की शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी सोडून देता येतील." मग आवाज खाली आणून, "सहनाला एवढ्यात सांगू नकोस. ती आधीच कोर्टातून येतेय."

"सहनाम्मासाठी की तुमच्यासाठी?" कुसुमावतीनं विचारलं. त्यांच्या तोंडाकडे पाहून तिला शिसारी आली. चिन्नीपेक्षा मोठा प्राणी, पण घाबरला की तोही शेपूट आत घेतो. "मी सांगणार. आज ना उद्या पोट सांगेलच."

त्याच दिवशी संध्याकाळी ती गेली तेव्हा सहना परत आली होती. पायऱ्यांवर बसली होती, प्रवासाचेच कपडे, डोळे सुजलेले.

"कुसुमक्का, तुमच्यावर विश्वास ठेवून गेले होते मी," ती म्हणाली. "खोलीची कडी नाही लावली तुम्ही? एवढीशी गोष्ट?"

कुसुमावतीनं तिच्या डोक्यावरून आत पाहिलं. व्हरांड्यात प्राध्यापक पुस्तक उघडून बसले होते. पान उलटत नव्हते.

छत्तीस वर्षांत असे आरोप तिनं पुष्कळ ऐकले होते. डॉक्टरांचं इंजेक्शन चुकलं तर अटेंडरनं बाटली बदलली. मालकानं उपाशी मारलेली गाय मेली तर अटेंडरनं पाणी दिलं नाही. दर वेळी ती तोंड उघडायची आणि समोरच्याला सोलून काढायची. आताही शब्द जिभेवर आले होते. पण त्यांच्या मागोमाग दुसरंच काही आलं. त्या माणसानं तिला विचारलं होतं, किती दिवस. तोंड वाकडं करून का होईना, विचारलं होतं. आणि तिनं पोथीचा टोमणा मारून त्याला तसंच ठेवलं होतं. एका वाक्याचं काम होतं. रक्त बघू नका, दिवस मोजा. ते वाक्य तिनं त्याला दिलं नव्हतं, कारण त्याला ते माहीत नाही याचं तिला सुख होतं.

ती गप्प राहिली. सहनाला ते गप्प राहणं कबुलीसारखं वाटलं.

"बोला ना काहीतरी!"

"ती काय बोलणार?" आतून आवाज आला.

वेदवतीअम्मा दारात आल्या होत्या. या घरात त्यांचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर क्वचित यायचा.

"दार यांनी उघडलं," त्या म्हणाल्या.

"वेदा," प्राध्यापक म्हणाले.

"साकु. पुरे झालं." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहत बोलत राहिल्या. "त्याच मागच्या खोलीत मी बसायची, सहना. महिन्याचे तीन दिवस, एकतीस वर्षं. तुझ्या वेळी सातवा महिना लागला होता, तेव्हा एकदा चुकून वाहिलं तर तेव्हाही तिथेच. जेवण दारातून सरकवायचे. चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायचं, की मी पुन्हा माणूस. बाईच्या रक्ताविषयी यांना तेवढंच माहीत आहे. वाहतंय तोवर बाहेर, थांबलं की संपलं. कुत्रीचंही तसंच असणार असं वाटलं यांना. एवढे ग्रंथ वाचलेत, पण एकदाही विचारलं नाही, आत काय होतं गं तुला. आणि आता नाव या बाईचं घेतायत."

मागच्या खोलीत चिन्नी दारावर पंजा घासत होती.

सहना उठली. वडिलांवर ओरडेल असं कुसुमावतीला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "शेजाऱ्यांना काय सांगितलंत, अप्पा? की व्हिडिओ त्यांनीच काढलाय?" आणि मग, "डॉक्टरकडे तुम्ही यायचं माझ्याबरोबर. प्रत्येक वेळी. गाडीत मागे तिच्याशेजारी बसायचं."

कुसुमावती निघाली, तेव्हा सहना गेटपर्यंत आली. माफी मागायला लागली. "राहू दे," कुसुमावती म्हणाली. "मीही सांगायला हवं होतं त्यांना. सांगितलं नाही मी. टोमणा मारत बसले."

चार आठवड्यांनी सोनोग्राफीत पिल्लं दिसली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर भाग्या हिनं दोन्ही बाजू सांगितल्या: पहिलीच पाळी, वय वर्षाचं, अंग अजून पुरतं भरलेलं नाही, ठेवायची तर जपावं लागेल, काढायची तर गर्भाशयासकट आत्ताच. सहनानं कुसुमावतीकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," कुसुमावती म्हणाली. "कुत्री तुमची, निर्णय तुमचा. मी असते तर काढलं असतं. सात-आठ पिल्लं डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडण्यापेक्षा ते बरं."

प्राध्यापक कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर भाग्यानं कुसुमावतीला आत येऊ दिलं. कालची पोरगी, पण हात चांगला, असं कुसुमावतीनं मनात नोंदवलं. याहून मोठं कौतुक तिच्याकडे नव्हतं. पिशवी बाहेर आली, स्टीलच्या ट्रेमध्ये पडली. शिंगांसारख्या दोन लांब नळ्या, चिंचेच्या भरलेल्या शेंगांसारख्या गाठीगाठींच्या. अशा पिशव्या तिनं शेकड्यांनी बादलीत टाकल्या होत्या, एका हातानं ट्रे उपडा करत आणि दुसऱ्या हातानं पुढचं जनावर धरत. आज ट्रे हातात घेऊन ती जरा वेळ उभी राहिली. डाव्या बाजूला चार. उजव्या बाजूला तीन. मग तिनं ट्रे पिवळ्या पिशवीत रिकामा केला, पिशवीला गाठ मारली आणि हात धुतले.

चिन्नीला बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादीवर ठेवलं. सहना औषधं आणायला खाली गेली होती. कुत्रीचे डोळे अर्धे उघडे, पण काही दिसत नसलेले. पाय थंड पडले होते.

"सर, इकडे या."

अनंतकृष्ण आले. कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना.

"खाली बसा. हिचं डोकं मांडीवर घ्या. जीभ मागे जायला नको, बाजूनं बाहेर काढून धरा. तशी नाही, दोन बोटांत. घट्ट नको."

ते बसले. गुडघे कडकन वाजले. चिन्नीचं डोकं त्यांनी आधी लांबून, मग दोन्ही हातांनी उचललं आणि पांढऱ्या धोतरावर घेतलं. जीभ ओली, निसरडी होती. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा त्यांनी धरून ठेवली. कुसुमावती कुत्रीचे पाय चोळत होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. बघण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. हा माणूस आज डोकं धरतो म्हणून उद्या वेगळा होईल, असल्या भ्रमात राहायचं तिचं वय नव्हतं.

"दिवस मोजायचे असतात," ती पायच चोळत म्हणाली. "रक्त थांबल्यावरचे दिवस जास्त धोक्याचे. त्या दिवशी विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं मी."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "किती होती?"

कुसुमावतीनं कुत्रीचा दुसरा पाय हातात घेतला.

"मोजली नाहीत," ती म्हणाली.

चिन्नीच्या अंगातून एक शहारा गेला. भुलीतल्या कुत्र्यांना होतं तसं तिला नकळत झालं. गरम, पिवळी ओल धोतरावर पसरत गेली.

"थांबा, कापूस आणते," कुसुमावती उठायला लागली.

"राहू द्या," अनंतकृष्ण म्हणाले. "बसा तुम्ही. पाय गार आहेत तिचे."

ते हलले नाहीत. जीभ दोन बोटांत धरून, तिचा श्वास वर-खाली होताना बघत, ओल्या धोतरानं तसेच बसून राहिले.